एन्फिल्डचे दोन ‘ई’

तुमचा प्रश्न असा: रविवारी जुन्या बाजारात एकाने ठासणीची लांब बंदूक दाखवली. घोड्याच्या (चाप ओढला की आदळणाऱ्या हातोडीच्या) मागे मुकुट आणि त्याखाली ‘व्ही. आर.’ म्हणजे व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं, पुढे ‘१८५९’ आणि ‘एन्फिल्ड’, म्हणजे इंग्रज सरकारच्या बंदूक कारखान्याचं नाव. ‘सत्तावन्नच्या बंडातली, अस्सल फौजी’ म्हणून चाळीस हजार मागतोय. शिक्के खरे की खोटे, कसं ओळखायचं?

१८५९ साल घातलेली बंदूक १८५७ मध्ये कशी लढली, हे आधी त्यालाच विचारा. पण विक्रेता थापाड्या निघाला म्हणून बंदूक खोटी ठरत नाही.

माझी अठ्ठावीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये गेली, पंच आणि डाय, म्हणजे धातूवर ठसा उठवायचे कडक पोलादी ठसे बनवण्यात. त्यामुळे शिक्क्यात काय लिहिलंय ते मी नंतर वाचतो, आधी लोखंड कसं सरकलंय ते बघतो. पंच मारला की धातू कुठे जात नाही. तो बाजूला दबतो आणि अक्षराच्या कडेला वर उचलला जातो. तेव्हाच्या कारखान्यात लॉकप्लेट (बंदुकीच्या बाजूची पट्टी, जिच्यावर घोड्याची यंत्रणा म्हणजे ‘लॉक’ बसतं) मऊ असतानाच शिक्का मारत, मग घासून साफ करत आणि शेवटी केस हार्डनिंग करत, म्हणजे वरचा थर तापवून कडक करत. उचललेली कड तिथेच निघून जायची, वर दीडशे वर्षांचं तेल-फडकं. म्हणून खऱ्या अक्षरावरून नख सरळ सरकतं. नव्या ठशाची कड नखाला अडते, आणि कड घासून काढली असेल तर अक्षराभोवतीच पॉलिश दिसतं.

दुसरी जागा गंजाची. गंजाचा खड्डा आणि अक्षर एकमेकांना भिडतात तिथे दहापट भिंग लावा. अक्षर जुनं असेल तर गंज अक्षराची कड खाऊन आत उतरलेला असतो. नंतर मारलेलं असेल तर खड्ड्याचा काठच चेपलेला दिसतो. ही खूण लपवणं फार अवघड. हार्डनिंग झालेल्या पट्टीवर पंच धड बसतही नाही, म्हणून काही जण कोरतात किंवा लेझर मारतात. कोरलेल्या रेघेचा तळ इंग्रजी ‘व्ही’सारखा निमुळता असतो, लेझरचा तळ सगळीकडे एकाच खोलीचा आणि करपलेला. अस्सल पट्टीचा साचा घेऊन ओतलेली असेल तर अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल येतात.

आता माझी आवडती खूण. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एन्फिल्ड’ला दोन ‘ई’ आहेत. पूर्ण शब्दाची डाय हाताने कापलेली असेल तर ते दोन्ही थोडे वेगळे येतात. सुट्या अक्षरांचे पंच वापरले असतील तर पंच एकच, दोष दोनदा, आणि मग शिक्का संशयाचा. मी मंगळवार पेठेत एका पट्टीवर दोन्ही ‘ई’च्या मधल्या दांडीला सारखाच टवका बघितला. विक्रेत्याला दाखवला, तर म्हणाला, ‘काका, तुम्ही घेणाऱ्यातले नाही.’ बंदूक गोणपाटात गेली. मात्र उलटंही लक्षात ठेवा: पलटणीत घातलेले क्रमांक खरोखरच सुट्या पंचांनी मारत, ते वाकडेतिकडे असले तर घाबरू नका.

इतिहासाच्या चुका सोप्या. व्हिक्टोरिया १९०१ मध्ये गेली, तरी ‘व्ही. आर.’ खाली १९०९ असलेल्या बंदुका सापडतात. खैबर खिंडीकडच्या कारागिरांनी हातकामात फार सुरेख नकला केल्या, पण इंग्रजी येत नव्हतं. ‘एन’ची तिरकी रेघ उलटी आणि स्पेलिंग चुकलेलं. एक मात्र सांगतो, देवनागरी दिसली म्हणून बंदूक टाकून देऊ नका. नेपाळच्या राणा काळातल्या फौजी बंदुकांवर देवनागरी अक्षरं-आकडे असतात आणि त्या पक्क्या खऱ्या असतात.

जमलं तर लॉक काढून बघा. बंदूक भरलेली नाही याची आधी खात्री करा, घोडा अर्ध्यावर घ्या, पलीकडच्या बाजूचे दोन स्क्रू सैल करा, लॉक बाहेर येतं. खोटं करणारा दर्शनी बाजूवर मेहनत घेतो, आत नवं ग्राइंडिंग तसंच राहतं. लाकडाचा खळगा तेलाने काळा पडलेला हवा.

हे सगळं पैसे देण्याआधीचं, पण त्याहून आधी परवाना. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या वस्तूंना सूट आहे, पण दुरुस्त करूनही जी चालणार नाही तिलाच. नळी आणि घोडा धड असलेली ठासणीची बंदूक ‘शोपीस’ म्हणून भिंतीवर टांगाल तर पोलीस ठाण्यात शिक्का खरा की खोटा हे कोणी विचारणार नाही. उद्या तोच माणूस पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफल दाखवू लागला तर सरळ घरी या. तिचा बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचं माप, नागरिकांना प्रतिबंधित आहे.

तूर्त बाजूने टॉर्च तिरका धरून त्या दोन ‘ई’चा जवळून फोटो काढा आणि इथे टाका. समोरून फ्लॅश मारू नका, काहीच दिसत नाही.