खाडी, मांदेली आणि अकरा नंबरचे मणी

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप वाचला. मणी आहेत, सुया आहेत, हातही चांगला बसलाय, पण काय करायचं तेच सुचत नाही. आणि जे सुचतं ते कुणीतरी आधीच करून मोबाईलवर टाकलेलं असतं, असं लिहिलंस. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं हे नव्हे, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

मोबाईलवर सगळं आधीच केलेलं दिसतं, कारण तिथे तू तयार दागिनेच बघतेस. तयार दागिना बघून दुसरा दागिनाच सुचणार, तोही चार मणी इकडेतिकडे करून. तो दागिना ज्या गोष्टीवरून सुचला ती गोष्ट फोटोत नसतेच. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की दागिने नसलेल्या गोष्टींकडे बघ. आणि बघताना ती गोष्ट दिसते कशी एवढ्यावर थांबू नकोस. ती बांधली कशी आहे, तिच्यात कुठला रंग किती आहे आणि तो नेमका कुठे ठेवलाय, हे बघ. चित्र सगळ्यांना दिसतं, त्याची नक्कलही सगळे करतात. बांधणी आणि प्रमाण बघणारा मात्र विरळा.

उदाहरण तुझंच घेते. तू ऐरोलीला राहतेस, खाडी तुझ्या दारात आहे. मागे तू फ्लेमिंगोचं पेंडंट केलं होतंस, वाकडी मान, एक पाय वर, सगळा गुलाबी. काम स्वच्छ होतं, टाके एकसारखे होते, त्याबद्दल मी तेव्हाही शाबासकी दिली होती. पण तो पक्षी तू खाडीवर बघितलेला नव्हता, चित्रातून उचलला होता. आता थंडीत किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर जाऊन खरा बघ. तुमच्या ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून भरतीच्या वेळा बघून बोटी सुटतात, त्यात बस. नाहीतर सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळीवर भरतीच्या वेळी जा, खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पुष्कळ पक्षी तिकडे येऊन उभे राहतात.

उभा असलेला मोठा फ्लेमिंगो जवळजवळ पांढरा दिसेल, साईवर किंचित गुलाबी झाक असावी तसा. त्याच्या भोवती राखाडी पिल्लं असतील, पिल्लांना गुलाबी रंग नसतोच. तो रंग त्यांना पुढे खाण्यातून मिळत जातो, खाडीतल्या शेवाळातून आणि बारीक जीवांतून. आणि खाली सगळा करडा चिखल. म्हणजे त्या दृश्यात गुलाबी थोडाच आहे, करडा आणि सायीचा रंगच जास्त. मग थवा उठतो. पंख उघडले की आत गडद लाल पट्टा दिसतो आणि कडेची पिसं काळी कुळकुळीत. पक्षी उतरला, पंख मिटले, की लाल जवळपास गायब.

हे बघून आलीस की पक्षी करायची गरजच उरत नाही. लांब कानातलं कर. बाहेरून सायीच्या रंगाच्या मण्यांची झालर, दोन-तीन सर फिकट गुलाबी. आतल्या बाजूला, मानेकडे, दोनच सर गडद लाल, टोकाला काळे मणी. बाई स्थिर बसली असेल तेव्हा कानातलं फिकं, शांत दिसेल. तिने मान वळवली, झालर हलली, की लाल दिसेल आणि पुन्हा झाकला जाईल. लाल भाजीतल्या मिठाइतकाच घाल. कुणी विचारलं तर सांग खाडीवरून सुचलंय म्हणून. नाही विचारलं तरी कानातलं स्वतःच्या जोरावर उभं राहील. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केलं, २०२२ साली तिचं नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. जगाच्या नकाशावरची जागा तुझ्या दाराशी आहे आणि तू कल्पना शोधायला परदेशी मुलींचे व्हिडिओ बघतेस, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी जागा चेंदणी कोळीवाडा. ठाणे स्टेशनपासून चालत जाता येतं. तिथे मासळीवाल्या मावशींकडून ताजी मांदेली घे आणि घरी आणल्यावर तळायच्या आधी एक मांदेली पांढऱ्या ताटलीत ठेवून खिडकीत ने. वरची बाजू पिवळसर सोनेरी. पोटाकडे सोनेरी ठिपक्यांच्या ओळी, बारीक, एकाखाली एक. आणि अंग डोक्याकडून शेपटीकडे निमुळतं होत होत अगदी दोऱ्यावर येतं. आता तुझा ब्रिक टाका आठव, मणी विटांसारखे रचत जाणारा. त्यात प्रत्येक ओळीला एक मणी आपसूक कमी होतो आणि त्रिकोण निमुळता होत जातो. मांदेलीचा आकार त्या टाक्याला मुळातच पेलणारा आहे. मॅट सोनेरी अंग, त्यावर चकचकीत सोनेरी ठिपके ठराविक अंतराने. एकच रंग, फरक फक्त चकाकीचा. माशाचा डोळा, तोंड, कल्ले काहीही काढू नकोस. नुसता तो उतार आणि त्या ठिपक्यांच्या ओळी पुरेत.

कोळीवाड्यात जाळी वाळत घातलेली असतात, त्यांच्यापाशीही थांब. आपण ज्याला जाळीचा टाका म्हणतो तो तिथे मोठ्या आकारात टांगलेला आहे. मासळीप्रमाणे जाळ्याचे डोळे लहान-मोठे असतात. आपल्याकडे तेच काम मण्यांच्या संख्येने होतं: तीन, पाच किंवा सात मणी घ्यायचे आणि मधल्या मण्यात पुढची ओळ अडकवायची. मी तर म्हणेन, एकाच गळ्यातल्यात वरती तीनची जाळी घट्ट विण आणि खाली येत येत सातची सैल कर. गळ्याशी बसेल आणि छातीवर पसरेल. वहीवर आखून हे कळत नाही, विणून अंगावर धरावं लागतं.

बाहेरचं झालं. आता घरातलं. तुझ्या आजीच्या रुखवतातलं मण्यांचं तोरण अजून आहे ना, पोपट आणि नारळ असलेलं? ते खाली उतरव आणि उलटं करून बघ. दोरा कुठून कुठे गेलाय ते मागच्या बाजूला कळतं. चार-पाच मण्यांचं एक एक घर करत, शेजारच्या घराचे मणी वाटून घेत ते सगळं काम केलेलं असतं. दोरा एकाच ठिकाणी तुटला तर तोरण सगळं सुटू नये याची काळजीही त्यात घेतलेली सापडेल. ही विद्या त्या बायका ग्राफच्या कागदावर उतरवून एकमेकींना देत असत. तुझ्या घरात हे असताना तू आधी त्याचा अभ्यास करावास अशी माझी इच्छा आहे.

आपले जुने दागिनेही नक्षीसाठी बघू नकोस, बांधणीसाठी बघ. चिंचपेटीत मधल्या पेट्या मोत्यांचे सर एकमेकांपासून अलग धरून ठेवतात, म्हणून ती गळ्याशी पट्टीसारखी ताठ बसते. तन्मण्यात बारीक मोत्यांचे अनेक सर अगदी साधे असतात, त्यामुळे मधला खडा उठून दिसतो. सरांमध्येही कारागिरी दाखवली असती तर खडा मेला असता. आणि काळी पोत! काळ्या मण्यांत सोन्याचे मणी किती अंतराने टाकायचे, यात गाठवणाऱ्याची सगळी नजर दिसते. जवळ जवळ टाकले की पोत भडक होते, फार लांब टाकले की सोनं हरवतं. मंगळसूत्र गाठवून देणाऱ्या काकांच्या दुकानात अर्धा तास नुसती बसून बघ, ते नाही म्हणणार नाहीत.

संक्रांतीचे हलव्याचे दागिने तर मला मण्यांच्या कामाचे सख्खे भाऊबंद वाटतात. तिळावर किंवा साबुदाण्यावर मंद आचेवर थोडा थोडा पाक सोडत, हाताने हलवत राहिलं की काटा फुलतो. नव्या सुनेला, बोरनहाणाच्या बाळाला काळ्या कपड्यांवर ते पांढरे काटेरी दागिने घालतात. त्यात रंग एकच, पण काट्यामुळे प्रकाश तुटतो आणि पांढऱ्यातही छटा दिसतात. तू ८ मिलिमीटरच्या मण्याला पंधरा नंबरच्या, म्हणजे अगदी बारीक, मॅट पांढऱ्या मण्यांनी मढवून बघ, प्रत्येक टाक्यावर एकेक मणी उभा ठेवून. तसा काटेरी मणी काळ्या पोतीत मधेच एखादा ओवला, तर जानेवारीत तुला मागणीची काळजी करावी लागणार नाही.

मण्यांबद्दल थोडं. नंबर वाढतो तसा मणी लहान होतो हे तुला ठाऊक आहे. अकरा नंबरचा साधारण २ मिलिमीटरचा, आठचा ३ चा. जपानी मणी एकसारखे असतात, सपाट पेयोट टाका विणायचा असेल तर तेच घे. आपल्याकडचे काचेचे मणी, उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे वगैरे, कमीजास्त आकाराचे निघतात, म्हणून त्यांना नाक मुरडू नकोस. झालरीत आणि साध्या सरात तोच उणेअधिकपणा जिवंत दिसतो. पेयोटची नक्षी मात्र चौकोनी ग्राफवर काढू नकोस, त्यात मणी अर्ध्याने सरकलेला असतो, म्हणून नक्षी विणल्यावर बिघडते. पेयोटचा वेगळा ग्राफ मिळतो.

पारदर्शक मण्यांचा रंग पाकिटात दिसतो तसा ओवल्यावर राहत नाही. आतला दोरा दिसतो. लाल पारदर्शक मणी पांढऱ्या दोऱ्यावर फिका पडतो, काळ्या दोऱ्यावर मरतो. म्हणून आधी बोटभर नमुना ओव आणि तो दिवसाच्या उजेडातही बघ आणि ट्यूबलाईटखालीही. भुलेश्वरला खरेदीला जाताना नुसतं ‘काहीतरी घेऊ’ म्हणून जाऊ नकोस, तिथल्या ढिगांपुढे नजर फिरते. ज्या गोष्टीवरून काम सुचलं ती किंवा तिचे रंग लावलेला कागद जवळ ठेव आणि एका कामाचे मणी एकाच लॉटमधून घे, पुढच्या वेळी तीच छटा मिळेलच असं नाही.

दगडाचे मणी वापरणार असलीस तर तिथे वेगळं. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत अकीक सापडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोचच्या बंदराकडे असे दगड गाड्यांतून जात असल्याची नोंद आहे, आणि अकीकाचे मणी घडवण्याचं काम खंभातला आजही चालतं. अशा मण्यावर रेघा असतात, त्याचं सगळं सांगणं त्या रेघांतच असतं. त्याच्याभोवती विणकाम करू नकोस. साधी गाठ, चांगली डोरी, बस्स.

आता बघितलेल्याचं दागिन्यात रूपांतर कसं करायचं, हा तुझा खरा प्रश्न. एक गोष्ट धर, समज मांदेली, आणि महिनाभर तीच कर. पहिला नमुना मासाच होईल, होऊ दे. दुसऱ्यात तू कल्ले सोडशील. मग कधीतरी नुसता उतार राहील, कधी नुसते ठिपके, कधी तेच ठिपके काळ्या अंगावर येतील आणि मांदेलीचा मागमूस उरणार नाही. तिथून पुढचं काम तुझं. बहुतेक मुली पहिल्या नमुन्यावर थांबतात आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे धावतात, म्हणून सगळ्यांचं काम सारखं दिसतं. नमुने उसवू नकोस. वहीत टाचून ठेव, शेजारी मण्यांचे नंबर, दोरा, टाका लिही. न जमलेला नमुनाही टाच, त्यात काय अडलं ते लिही.

शिकण्यासाठी दुसऱ्याचं काम जसंच्या तसं करून बघायला काहीच हरकत नाही, हात असाच तयार होतो. पण ते स्वतःचं म्हणून विकायचं नाही, यावर मी ठाम आहे. तुला ते पटतं हेही मला माहीत आहे.

पुढच्या रविवारी सकाळी चेंदणीला ये, मावशींची पाटी लागते तेव्हाच. त्याआधी फ्लेमिंगोच्या कानातल्याचा एक नमुना करून आण, जोडी नको, एकच. ओवताना गिअर वायर, म्हणजे मणी ओवायची तार, वापरू नकोस, ती ताठ राहते आणि झालर हलत नाही, दोराच घे. झालं की वजन करून बघ. एक कानातलं १० ग्रॅमच्या वर गेलं तर सर आखूड कर, पण लाल सरांना हात लावू नकोस.

तुझी काकू
नौपाडा, ठाणे