वैमानिक व्हायचंय म्हणतेस, तर…

पोरी,

तुझ्या पत्रातले बहुतेक प्रश्न परीक्षेचे आहेत. एक मात्र तुझ्या आईचा आहे, तुझ्या अक्षरात लिहिलेला: "आबा, एवढं फिरतीचं आयुष्य, मग संसार कसा होतो?" परीक्षेचं भराभर उरकतो. आईच्या प्रश्नाला वेळ लागेल.

एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. गणिताचे 300 गुण, सामान्य क्षमता चाचणीचे 600, आणि पुढे एसएसबीचे, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखतीचे, पुन्हा 900. म्हणजे पाच दिवसांच्या त्या मुलाखतीला अख्ख्या लेखीएवढं वजन आहे. क्लासवाले हे ठासून सांगत नाहीत, कारण फी लेखीची घेतलेली असते. हवाई दलाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही लागतात; मैत्रिणींच्या मागे जाऊन 'नीट'साठी बी ग्रुप घेतला नाहीस, हे बरं केलंस. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021च्या आदेशानंतर एनडीए मुलींना उघडी झाली आणि पहिल्या 17 जणी मे 2025मध्ये खडकवासल्याहून पास होऊन बाहेर पडल्या. तिथे नाही जमलं तर पदवीनंतर एएफकॅट, हवाई दलाची स्वतःची प्रवेश परीक्षा, आहे. पण त्या वाटेने फ्लाइंगला गेलं की 14 वर्षांची शॉर्ट सर्व्हिस मिळते, आणि पेन्शनला 20 वर्षं लागतात. हे वडिलांना कागदावर लिहून दाखव. केळीच्या भावावर घर चालवणाऱ्या माणसाला असला हिशेब लगेच कळतो. तुझ्या धाकट्याला यात रस असेल तर दहावीनंतरच संभाजीनगरच्या एसपीआयचा विचार करा; एनडीएची तयारी करून घेणारी ती संस्था सरकारी आहे.

वैमानिकांसाठी कॉम्प्युटरवर एक कल-चाचणी असते, सीपीएसएस म्हणतात तिला. ती जन्मात एकदाच देता येते. नापास झालात की विमान चालवायचं राहिलं. हवाई दलाच्या दुसऱ्या शाखा खुल्या असतात. तेव्हा 'अनुभव म्हणून देऊन बघू' असं म्हणत त्या खुर्चीवर बसू नकोस. जळगाव स्टेशनवर रात्रभर ताटकळून, गाडीत उभ्याने प्रवास करून सकाळी चाचणीला गेलेली पोरं मी पाहिली आहेत. एक दिवस आधी पोच, जेव, झोप.

आता तुझं ते 'फायटरच पाहिजे'. हैदराबादजवळच्या दुंडिगलला हवाई दलाची अकादमी आहे, तिथे सगळ्यांची सुरुवात एकाच विमानावर होते, पिलाटस या शिकाऊ विमानावर. पुढे फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर हे तुझे गुण, तुझ्या उस्तादांचं मत आणि त्या वर्षी दलाला कुठे माणसं हवीत, यावर ठरतं. 2016 साली तीन मुली फायटरवर गेल्या, तेव्हापासून तो रस्ताही खुला आहे, जरूर धर. पण पोटात एवढंच एक स्वप्न घेऊन गेलेल्यांना ट्रान्सपोर्ट मिळालं की वर्षभर तोंड पाडून बसलेलं मी पाहिलंय, आणि मला त्याचा राग येतो. मी आख्खी नोकरी एएन-32वर काढली. दोन पंख्यांचं, आवाजाने कान किटवणारं, मालवाहू विमान. 1984मध्ये ते हवाई दलात आलं, तेव्हापासून लडाख आणि अरुणाचलच्या चौक्यांना रॉकेल, तांदूळ, बटाटे, टपाल आणि रजेवर निघालेले जवान ते नेतं-आणतं. बर्फात रस्ता बंद झालेल्या चौकीवर चार महिन्यांनी टपालाची पिशवी उतरते तेव्हा 'फायटर का नाही?' असं तिथे कुणी विचारत नाही.

त्या उडण्यातली एक गोष्ट तुला इथे, रावेर तालुक्यात बसूनही समजेल. मे महिन्यात भुसावळला पारा 45च्या वर जातो. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते, आणि तेवढाच माल घेऊन उडायला धावपट्टी जास्त लागते. हेच उंचीमुळेही होतं. लेहचा विमानतळ साडेदहा हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे उन्हं तापायच्या आधीच तिथली हवा विरळ. त्यात दुपारी वारे उठतात. म्हणून तिथलं उडणं सकाळी सकाळी उरकतात. दौलत बेग ओल्डी तर साडेसोळा हजार फुटांवर. 2008च्या मेअखेर एएन-32 तिथे उतरलं, तेव्हा ती धावपट्टी चाळीसेक वर्षं बंद पडलेली होती. असल्या ठिकाणी किती वजन घ्यायचं, किती वाजेपर्यंत परत फिरायचं, हे आदल्या संध्याकाळी कागदावर ठरतं. वैमानिकाचं निम्मं काम टेबलावर होतं, ते सिनेमात दिसत नाही.

आणि परत फिरणं. अरुणाचलात मेचुकासारख्या ठिकाणी दरीतून आत शिरावं लागतं. ढग खाली आले तर पुढे वळायलाही जागा उरत नाही. पलीकडे माणसं वाट बघत असतात, त्यात कुणाचं लग्न परवावर आलेलं असतं, कुणाचा बाप दवाखान्यात असतो. तरी ठरलेल्या जागेवर, ठरलेल्या उंचीला डोंगर दिसला नाही की विमान वळवायचं. खाली उतरल्यावर तोंड वाकडं करणारे भेटतात. मात्र चांगला कमांडर त्या दिवशी एक शब्द बोलत नाही, आणि ज्याला असा कमांडर मिळाला त्याने नशीब समजावं. एसएसबीत तुझी जिद्द बघतात असं सगळे सांगतील. 'नाही, हे आज होणार नाही' हे चारचौघांत शांतपणे सांगता येतं का, ते तू स्वतःच तपासून बघ. भावकीतल्या लग्नात मोठ्यांपुढे बोलून बघितलंस तरी अंदाज येईल.

आता तुझ्या आईचा प्रश्न.

संसार होतो, पण त्याचं अर्धंअधिक ओझं दुसरा माणूस वाहतो. आमच्या घरी ते तुझ्या काकूने वाहिलं. ती बी.एड. झालेली. दर दोन-तीन वर्षांनी बदली. प्रत्येक गावी नव्या शाळेत अर्ज, पुन्हा तात्पुरती नेमणूक, पुन्हा पगार पहिल्या पायरीवर. पोरांचं केंद्रीय विद्यालय बदलायचं, मराठीचा तास जायचा आणि आसामात भलताच विषय यायचा. सामान काळ्या पत्र्याच्या ट्रंकांतून हलायचं. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर, आणि कोणत्या नंबरात काय, हे तिच्या एका वहीत. लग्नानंतरच्या पहिल्या पोस्टिंगला तिने माहेरून मांडे भाजायचं मातीचं खापर नेलं होतं. वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळून, वरून गोधडी, भोवती तांदूळ. चंदीगडला ते धड पोचलं. तिथल्या क्वार्टरमागे तीन विटांची चूल मांडून तिने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाचे मांडे केले. शेजारच्या पंजाबी बाईंनी हातावर लांबवलेली ती पोळी बघून आपल्या सासूला हाक मारली. जोरहाटला जाताना मालगाडीत खापराचे तुकडे झाले. त्या वहीत ट्रंक नंबर चारसमोर तिने खापरावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'तवा'. मला ती नोंद कितीतरी वर्षांनी दिसली.

हे तुला मुद्दाम सांगतोय. माझ्यासारख्या पुरुषाला ही सोय समाजाने आयती दिली होती. नवऱ्यामागे बायको जाते, यात कुणाला काही विचारावंसंही वाटत नव्हतं. तुझ्यामागे ट्रंका कोण भरणार, हे तुला उघडपणे बोलून ठरवावं लागेल. हवाई दलातल्या पुष्कळ मुली दलातच लग्न करतात. दोघांची नेमणूक एका गावी व्हावी म्हणून प्रयत्न होतो, पण दर वेळी जमतंच असं नाही. स्थळं येतील तेव्हा 'ऑफिसर सून' म्हणून मिरवायला हवी असलेली घरं ओळखायला शीक. मुलाला सरळ विचार: मी सहा महिने तेजपूरला असेन आणि तुझी आई आजारी पडली, तर तू काय करशील? उत्तर कसंही असलं तरी, ते देताना तो कुणाच्या तोंडाकडे बघतो, त्याकडे लक्ष दे.

धोक्याचंही आईला तूच सांग, टीव्हीने सांगायच्या आधी. जुलै 2016मध्ये चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-32 बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. 29 माणसं होती. त्याचे अवशेष सापडल्याचं 2024मध्ये जाहीर झालं, समुद्राच्या तळाशी. जून 2019मध्ये जोरहाटहून मेचुकाला निघालेलं दुसरं, 13 जणांचं. ते डोंगरात सापडायलाच आठवडा गेला. अशा बातमीच्या दिवशी दलातल्या वसाहतीत बायका एकमेकींना फोन करत नाहीत. करायचा असतो, पण पलीकडे तो कुणी उचलायचा? माझी आई यातलं काही जाणत नव्हती. ती आसोद्याच्या बाजारात सांगत फिरायची, "मना पोऱ्या इमान चलावस." तुझी आई जाणते, बातम्या बघते. तिला 'काही होत नाही' असं म्हणू नकोस. विमा किती, नॉमिनी कोण, खातं कुणाबरोबर, हे सगळं नोकरी लागल्याच्या महिन्यात पुरं कर आणि कागद तिच्या हातात दे. रडेल. देच.

रजेबद्दल थोडं. वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 20 दिवस किरकोळ रजा कागदावर असते. सलग मिळेलच असं नाही, आणि ईशान्येतून भुसावळपर्यंतचे दोन दिवस गाडीतच जातात. घरी पोचल्यावर पहिले तीन-चार दिवस काही बदलायला जायचं नाही. तुझ्यावाचून घराला एक वळण लागलेलं असतं: पोरं कधी अभ्यासाला बसतात, कुणाला किती पैसे द्यायचे, म्हाताऱ्यांची गोळी कोण देतं. माझे काही कोर्समेट रजेवर येऊन दुसऱ्याच दिवशी घराची इन्स्पेक्शन घ्यायचे. त्यांच्या बायका रजा संपायची वाट बघायच्या, हे त्यांच्याशिवाय सगळ्या मेसला ठाऊक होतं. शेताचंही तसंच. आमचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं धाकट्या भावाने केलं. रात्रीची मोटार, केळीचं पाणी, त्यांचं अंग पुसणं, सगळं तोच. वाटणीच्या वेळी भावकीतल्या एकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, तू मोठा, ऑफिसर, विहिरीकडचा तुकडा तुझा. तो तुकडा भावाकडे आहे. तुमच्या घरीही उद्या ही वेळ येईल; बाहेर राहणाऱ्याने तेव्हा आवाज खाली ठेवावा असं माझं मत आहे. तुझ्या वडिलांना ते पटणार नाही कदाचित.

अभ्यासाच्या जोडीला एक सवय आत्तापासून लाव. आम्ही तिला चेअर फ्लाइंग म्हणायचो. खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे आणि उद्याचं उड्डाण इंजिन सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंत मोठ्याने बोलत करायचं. हात त्या त्या बटणाकडे न्यायचा. खोलीतल्या खोलीत वेड्यासारखं दिसतं. तुझ्याकडे कॉकपिट नाही, पण केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे. तेच तसं करून बघ. कुठे अडखळलीस, ते कुणी न सांगता कळेल.

डोळे मात्र आधी तपासून घे, रंग ओळखण्याच्या चाचणीसकट. उंचीही नीट मोजून घे, फ्लाइंगला 162.5 सेंटिमीटर लागते आणि पायाची लांबीही वेगळी मोजतात. शाळेच्या दाखल्यावरचा आकडा धरू नकोस. रिपोर्ट हातात आले की एखाद्या रविवारी फैजपूरला ये, दुपारी चारनंतर; त्याआधी मी मळ्यात असतो. आईला बरोबर आण. तिला माझ्याशी कमी आणि तुझ्या काकूशी जास्त बोलायचं असेल, आणि काकूने ती वही काढून ठेवली आहे.

आबा