मायक्रोफायनान्सचं कर्ज गावात पोचल्यावर नेमकं काय होतं?

गावोगावी मायक्रोफायनान्स (म्हणजे गरिबांना तारण न घेता छोटी कर्जं देणं) पसरलं तर गरिबी हटेल की गरीब आणखी कर्जात बुडेल, असा प्रश्न आहे. सरासरी बघितली तर दोन्हीपैकी काहीच होत नाही, पण नुसती सरासरी बघून फसू नका.

बांगलादेशात अशी कर्जं देणाऱ्या मुहम्मद युनूस आणि त्यांच्या ग्रामीण बँकेला २००६ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा सगळीकडे नुसता उदो उदो चालला होता. मग २०१५ मध्ये भारत, मोरोक्को, मेक्सिको, बोस्निया, इथिओपिया, मंगोलिया असे सहा देशांतले अभ्यास एकत्र छापून आले, कर्ज कुठे किंवा कोणाला द्यायचं ते चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून केलेले, आणि निघालं काय तर थोडाफार फायदा होतो, कायापालट वगैरे नाही.

यातला मोरोक्कोचा अभ्यास पूर्ण ग्रामीण भागातला, १६२ गावांचा. कर्ज सुरू झालं त्या गावांत दोन वर्षांत जेमतेम १३ टक्के घरांनी ते घेतलं, म्हणजे गरीब माणूस कर्जासाठी टपूनच बसलाय हे पहिलं गृहीतच गेलं. ज्यांनी घेतलं त्यांनी जनावरं वाढवली, शेतीत पैसा घातला, पण त्याच घरातली माणसं मजुरीला कमी जायला लागली, इकडून वाढलं तिकडून घटलं आणि घरखर्च होता तिथेच राहिला. आता याला कोणी अपयश म्हणतात, मला नाही पटत. दुसऱ्याच्या बांधावर राबण्यापेक्षा स्वतःच्या गोठ्यात राबायला मिळालं हेही काहीतरी आहेच की.

मोठी झेप का घेता येत नाही ते हप्त्यात बघा. कर्ज हातात पडलं की साधारण दोन आठवड्यांत पहिला हप्ता. त्या पैशात शेळी घेतली तर ती व्यायला महिने लागणार, हप्ता द्यायचा कुठून? मग उचललेल्यातलेच थोडे बाजूला काढून ठेवायचे नाहीतर लगेच खपणारा माल भरायचा, त्यात गटाची जबाबदारी असली तर एकीने थकवलं की बाकीच्यांच्या अंगावर, त्यामुळे धाडस कोण करू देणार? कोलकात्यात काही बायकांना पहिला हप्ता दोन महिन्यांनी ठेवून बघितला, तर तीनेक वर्षांनी त्यांच्या धंद्याचा नफा बराच जास्त दिसला, पण थकबाकीही वाढली. म्हणून कंपन्या हप्ता सैल करत नाहीत.

आणि ‘बंदच करून टाका’ म्हणणाऱ्यांसाठी. २०१० मध्ये आंध्रात वसुलीचा जाच आणि आत्महत्यांवरून सरकारने वटहुकूम काढला, वसुली ठप्प झाली, कंपन्यांचा पैसा अडकला, आणि त्यांना दुसऱ्या राज्यांतही हात आखडावा लागला. तिथे वटहुकूम नव्हता, तरी ज्या जिल्ह्यांत कर्ज आटलं तिथली रोजाची मजुरी पडली, खर्च घटला. कर्जातून चालणारी छोटी कामं थांबली की कर्ज न घेतलेल्या मजुरालाही फटका बसतो, हे लोक धरतच नाहीत.

खरी बुडवणारी गोष्ट म्हणजे एकाच घराला चार-चार कंपन्यांनी कर्ज देणं, एकाचा हप्ता दुसऱ्याच्या उचलीतून. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत असा नियम केलाय. नियम चांगलाच आहे, पण मजुरी आणि शेतीवरच्या घराचं ‘महिन्याचं उत्पन्न’ फॉर्मवर लिहिणार कोण, तर बहुतेक वेळा ज्याला कर्ज वाटायचं टार्गेट आहे तोच.