बाटलीचं टोपण दाबतंय कोण?

वाचक विचारतात, आम्ही सांगतो

प्रश्न : दादा, मी घरी कोकम सरबताचा पाक करून विकते. यंदा ऑनलाइन त्या तारेच्या टोपणाच्या काचेच्या बाटल्या मागवल्या, क्लिप लावून बंद होतात त्या. दिसायला भारी आहेत पण आडव्या ठेवल्या की निम्म्या पाझरतात, गिऱ्हाइकाची पिशवी लाल. आणि एक बाटली उघडताना फस्स करून फेस वर आला. बाटल्याच खराब आल्यात काय? – एक वाचक, खानापूर

उत्तर : वहिनी, बाटल्यांना एवढ्यात नावं ठेवू नका. काच पाझरत नाही, तार पाझरत नाही, पाझरतो तो वायसर. टोपणाखाली लाल नाहीतर पांढरी रबराची चकती असते ना, ती नखाने काढून उजेडात धरा. बाटलीच्या तोंडाचा गोल शिक्का तिच्यावर उठलेला दिसेल, तो थोडाफार उठणारच, पण त्या शिक्क्यावर नख दाबून सोडलं की रबर लगेच वर आलं पाहिजे. खड्डा तसाच राहिला किंवा कडेला बारीक चिरा दिसल्या तर तो वायसर गेला. काचेचं तोंड हाताला कितीही गुळगुळीत लागलं तरी त्यात बारीक उंचसखल असतंच, ती फट भरायची म्हणजे कायतरी मऊ पाहिजे आणि ते मऊ दाबून धरायला कोणतरी पाहिजे. टोपणाचा सगळा खेळ एवढाच, वायसर कसला आणि त्याला दाबतंय कोण.

तुमच्या बाटलीत दाबते ती तार. नीट बघा, दोन तारा आहेत. एक खटका, जो आपण बोटाने खाली ओढतो, त्याची टोकं बाटलीच्या मानेवरच्या दोन खळग्यांत अडकलेली असतात, नाहीतर मानेला तारेचंच कडं असतं त्यात. दुसरी तार टोपणातून आरपार जाऊन खाली खटक्याला जोडलेली. खटका खाली ओढला की वरची तार ताणते, टोपण वायसरवर दाबतं, मधे एका जागी सगळ्यात जास्त जोर लागतो आणि ती जागा ओलांडली की खटका आपोआप टक्कन बाटलीच्या अंगाला जाऊन चिकटतो. त्या टक्कन बसण्यातच सगळी करामत आहे, कारण आता तारेची ओढ खळग्याच्या पलीकडच्या बाजूने लागते, म्हणजे आतून गॅसने टोपण वर ढकललं तरी खटका उघडायच्या ऐवजी अजून घट्ट मिटतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये जा, वेल्डिंग करताना लोखंडाचा तुकडा जागेवर दाबून धरायला टॉगल क्लॅम्प नावाचे खटके लावलेले असतात, ते हेच, एवढी वर्षं मी ते दाबतोय पण बाटलीवर तीच गोष्ट इतक्या कमी तारेत बसवलेली बघून अजून मजा वाटते.

तर आता तुमच्या बाटल्या तपासा. खटका एका बोटाने, काही न वाटता बंद होत असेल तर तार सैल आहे, स्वस्तातल्या बाटल्यांत हे सर्रास असतं. शेवटी अंगठ्याचा जोर लागला पाहिजे. सैल असेल तर थोडा जाड वायसर घाला, नाहीतर वरच्या तारेच्या दोन्ही बाजू पक्कडीने अगदी किंचित, सारख्याच दाबून वाकवा म्हणजे तारेची उंची कमी होते. एकच बाजू दाबली तर टोपण तिरकं बसेल आणि होतं ते पण बिघडेल. दोन वायसर एकावर एक घालायचा जुगाड बरेच लोक करतात, तो करू नका, दोघांच्या मधून पाक शिरतो आणि तिथेच सुकून बसतो. वायसर आणायला जाताना जुना बरोबर न्या, कारण बाहेरचा व्यास, मधलं भोक आणि जाडी तिन्ही जमलं पाहिजे, नुसतं बाटलीच्या टोपणाचा वायसर द्या म्हटलात तर हार्डवेअरवाला नळाचा काढून देईल आणि तो खाण्याच्या वस्तूला लावायचा नसतो. बदलून झालं की बाटलीत पाणी भरा, बंद करा, रात्रभर पेपरवर आडवी ठेवा, सकाळी पेपर काय ते सांगेल. आणि पाक भरून झाल्यावर तोंड पुसूनच टोपण लावा, साखर सुकली की वायसर काचेला चिकटतो आणि उघडताना फाटतो. तारेला तांबूस डाग यायला लागले असतील तर ती साधी तार आहे, कोकमाच्या आंबटपणाने ती गंजणारच, पुढच्या वेळी स्टेनलेसची बघून घ्या.

ही कल्पना तशी जुनी आहे. आधी बुचावरून तार ओढून बसवायचे, अमेरिकेत हेन्री पटनमने १८५९ मध्ये तसली तार काढली. मग १८७५ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स डी क्विलफेल्टने खटक्यावालं टोपण पेटंट केलं, आणि कार्ल हटरने १८९३ मध्ये त्यात चिनीमातीचा गट्टू आणि त्याला रबराचा वायसर आणला. तुमच्या हातात जे पांढरं टोपण आहे ते हटरच्याच घराण्यातलं, भले तुमचं प्लॅस्टिकचं असेल.

आता फेस आलेल्या बाटलीचं. ते टोपणाचं काम नाही, पाक आंबलाय. साखर ६५ टक्क्यांच्या आसपास असली की पाक सहसा टिकतो, पातळ राहिला किंवा भरताना ओली बाटली वापरली की यीस्टला रान मोकळं. ती बाटली ओतून टाका, विकू नका, आणि त्याच घाण्यातल्या बाकीच्या बाटल्या एकेक करून मोरीत, वर जाड फडकं धरून, तोंड आपल्यापासून लांब करून उघडा. तुमची बाटली चौकोनी असेल तर जास्तच जपून. चौकोनी बाटली शोभेची, दाब आला की ती कोपऱ्याजवळ फुटते, गोल बाटलीत तोच दाब सगळीकडे सारखा वाटला जातो.

प्रश्न : सर, आमच्याकडे जत्रेत अजून गोटी सोडा मिळतो. मी इंजिनिअरिंगला आहे पण मला हे कळत नाही की गोटी बाटलीत घातली कशी, ती बाहेर का पडत नाही, आणि तिला वर धरतं कोण? यूट्यूबवर जो तो वेगळंच सांगतो. – एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : भावा, वरच्या उत्तरात तारेने दाबलं होतं, इथे दाबणारा गॅसच. तोच माल, तोच पहारेकरी, आणि म्हणून मला आजपर्यंत बघितलेल्या टोपणांत हे सगळ्यात हुशार वाटतं. हायरम कॉड नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने १८७२ मध्ये याचं पेटंट घेतलं. बाटलीच्या तोंडाच्या आत एक खाच असते, तिच्यात रबराची रिंग बसवलेली. बाटली तयार होताना तोंड रुंद असतानाच गोटी आत टाकतात आणि मग तोंड गरम करून अरुंद करतात, त्यात रिंग बसली की गोटीला बाहेरचा रस्ता बंद. खाली मान चिमटून बारीक केलेली असते म्हणून ती बाटलीच्या पोटात पण जात नाही, वर रिंग आणि खाली चिमटा, मधल्या कप्प्यातच फिरत बसते.

भरताना पाणी आणि गॅस दाबाने आत सोडतात, बाटली मशिनच्या पाळण्यात गरागरा फिरवतात म्हणजे गॅस पाण्यात मुरतो. बाटली उलटी झाली की गोटी आपल्या वजनाने रिंगवर येऊन बसते, आणि भरायची नळी सुटली की आतला दाब तिला तिथेच दाबून धरतो. मग सुलटी करा, काय करा, गोटी हलत नाही. गॅस जितका जास्त तितकी गोटी घट्ट.

फोडताना सोडावाला लाकडी दट्ट्या तोंडावर ठेवून तळहाताने ठोकतो तेव्हा गोटी जेमतेम केसभर खाली जाते, पण तेवढं पुरतं. रिंगची पकड सुटली की गॅस बाहेर, दाब संपला, गोटीला धरणारं कोण राहिलंच नाही, ती टण्‌कन खाली. पुढची गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मानेच्या एका बाजूला काचेत दोन खळगे असतात. पिताना ती बाजू खाली धरायची, गोटी त्या खळग्यांवर अडकून राहते आणि सोडा सरळ येतो. उलट्या बाजूने तोंडाला लावलीस तर गोटी घरंगळत परत तोंडाशी आणि सोडा बंद, जत्रेत पोरं बाटली हलवत बसतात ती याच्यामुळे.

मग एवढं चांगलं होतं तर गेलं का? एक तर पोरं गोटीसाठी बाटल्या फोडायची, हे काय तुझ्या-माझ्या गावातलंच नाही, इंग्लंडात पण तेच. दुसरं म्हणजे धुणं. गोटी आणि चिमटा दोघं मिळून ब्रश आत जाऊ देत नाहीत, नुसतं गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि जोराची धार यावर भागवायचं. अमेरिकेत चार्ल्स हचिन्सनने १८७९ मध्ये तारेच्या कडीला आतून रबर लावलेलं टोपण काढलं होतं, ते पण गॅसनेच वर दाबलं जायचं, वरून कडी आत ढकलली की फट्‌ आवाज, आणि धुण्याची बोंब तिथेही तीच. त्यात १८९२ मध्ये विल्यम पेंटरने पत्र्याचं दातेरी बुच पेटंट केलं, एकदा वापरा आणि फेका, मशिनवर झटपट बसतं, बाटलीचं तोंड साधं राहतं, मग कंपन्यांना दुसरं कशाला पाहिजे. म्हणजे हरली ती परत वापरायची गोष्ट हरली, डिझाइन म्हणून गोटी हरली असं मला तरी वाटत नाही.

तू इंजिनिअरिंगचा आहेस म्हणून एक गणित. पाण्याच्या आकारमानाच्या चौपट गॅस मुरवलेला सोडा फ्रिजमध्ये असेल तर आतला जादा दाब सेंटिमीटर चौरसाला साधारण पावणेदोन किलो. तीच बाटली ३० डिग्रीला ठेव, दाब पाच किलोच्या आसपास जातो, कारण गरम पाण्यात गॅस राहत नाही. आता तारेच्या टोपणाच्या बाटलीचं तोंड आतून १६ मिलिमीटर धर, क्षेत्रफळ दोन चौरस सेंटिमीटर, म्हणजे टोपणाला खालून दहा किलोचा धक्का. हे सगळं ती बारीक तार धरून असते. सोडावाला क्रेटवर ओलं गोणपाट टाकतो ते नुसतं सोडा गार लागावा म्हणून नसतं.

प्रश्न : आमचं उसाचं गुऱ्हाळ आहे. ताजा रस त्या क्लिपच्या बाटल्यांत भरून बेळगावच्या दुकानांना द्यायचा विचार आहे, घट्ट बसते म्हणजे चार दिवस टिकेल ना? – एक शेतकरी, चिकोडी तालुका

उत्तर : काका, नको. घट्ट बसते हीच तर भानगड आहे. लिटरभर रसातली फक्त ४ ग्रॅम साखर आंबली तरी लिटरभर गॅस तयार होतो, आणि तुमच्या रसात लिटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास साखर सहज असते. टोपण सुटणार नाही, तारेने दाबून धरलंय, मग सुटायला राहिली ती काच. दुकानदाराच्या काउंटरवर, गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर. ताजा रस गाळून, बर्फात, त्याच दिवशी संपवायचा. बाटलीतच द्यायचा असेल तर आधी पाश्चरायझेशनचं, म्हणजे रस तापवून जंतू मारायचं मशिन, एफएसएसएआयचं म्हणजे अन्न सुरक्षेचं लायसन, ते सगळं बघा आणि मग टोपणाचं बोलू.

प्रश्न : लाकडी घाण्याचं शेंगतेल काचेच्या बाटलीत, तारेच्या टोपणात ठेवते. पहिल्यांदा छान बसायचं, आता वायसर फुगून मोठा झालाय आणि खटका लागतच नाही. वायसरला काय झालं? – एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : अक्का, तो तेल प्यायला. साधं नैसर्गिक रबर तेलात फुगतं आणि मऊ पडतं, पाण्याच्या नळात वर्षानुवर्षं टिकलेला वायसर तेलात महिन्या-दोन महिन्यांत बाद होतो. ईपीडीएम म्हणून काळं रबर मिळतं, ते गरम पाण्याला चांगलं पण तेलाला तेही चालत नाही. तुम्ही खाण्याच्या ग्रेडचा नायट्राइल नाहीतर सिलिकॉनचा वायसर मागा. हे वाचून कोणी सोड्याच्या बाटलीला पण सिलिकॉन लावू नये, सिलिकॉनमधून गॅस हळूहळू निसटतो आणि सोडा मिळमिळीत होतो, तिथे साधं चांगलं रबरच बरं. तेलाला मुळात दाब नसतोच, त्यामुळे तुमचा खटका फार घट्ट असायची पण गरज नाही, धूळ आणि मुंग्या आत गेल्या नाहीत म्हणजे झालं. फुगलेला वायसर सुकवून परत लावू नका, तेलाचा खवट वास त्यात बसलेला असतो आणि नवीन तेलाला तोच लागतो.