लंडनमध्ये ‘एक्स-कौन्सिल’ फ्लॅट भाड्याने घ्यावा का? कौन्सिल इस्टेट म्हणजे आपल्या म्हाडासारखंच असतं का?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना लंडनला नोकरी लागली आहे, ऑफिसपासून जवळ दोन बेडरूमचा फ्लॅट बजेटमध्ये बसतोय, पण जाहिरातीत ‘एक्स-कौन्सिल’ लिहिलंय आणि तिथल्या ओळखीच्यांनी ‘कौन्सिल इस्टेट? अजिबात नको’ म्हणून सांगितलंय.

मी गेली नऊ वर्षं दक्षिण लंडनमधल्या अशाच एका इस्टेटवर भाड्याने राहतोय. म्हणून आधी उत्तर देऊन टाकतो: घर नीट बघून घ्या, पण नुसत्या नावाला घाबरून सोडू नका.

आपल्याकडे इस्टेट म्हटलं की आजोबांनी मागे ठेवलेली, भावाभावांत कज्जे लावणारी. इथे इस्टेट म्हणजे वसाहत, आणि कौन्सिल म्हणजे नगरपालिका. म्हाडाची लॉटरी लागली की पैसे भरून घर आपल्या नावावर होतं. कौन्सिल मात्र घर बांधते, मालक स्वतःच राहते आणि बाजारापेक्षा बऱ्याच कमी भाड्यात देते. लॉटरी नाही, गरज बघून लावलेली प्रतीक्षायादी असते, आणि लंडनमध्ये ती वर्षानुवर्षं हलत नाही. तुमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदत मागता येणार नाही, ही अट असणार, त्यामुळे तुम्हाला कौन्सिलकडून घर मिळायचा प्रश्नच नाही. तुम्ही बघताय तो फ्लॅट कधीकाळी कौन्सिलने बांधला, मग भाडेकरूला विकला आणि आता कुणा खाजगी मालकाचा आहे. तो भाड्याने घेतल्याने व्हिसाची अट मोडत नाही. (आणि कौन्सिल टॅक्सचा याच्याशी संबंध नाही. तो कुठल्याही घरात राहिलात तरी भरावाच लागतो. मी पहिल्या महिन्यात यावरून मालकाशी उगीच वाद घातला होता.)

आता हे नाव बदनाम कसं झालं ते सांगतो, कारण तुमच्या ओळखीच्यांनी अर्धीच गोष्ट ऐकलेली दिसते.

मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. १९२० च्या दशकात मुंबई सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उठवल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. त्याच सुमारास, १९२१ पासून, लंडन काउंटी कौन्सिल शहराच्या पूर्वेला बेकनट्री इथे घरं बांधत होती. १९३५ पर्यंत सुमारे २६,००० घरं झाली, आणि घराला स्वतःचं न्हाणीघर, घरातच संडास, पुढेमागे बाग. राज्य एकच, काळ एकच, पण कामगाराला जगायला किती जागा लागते याचा हिशोब लंडनमध्ये वेगळा आणि मुंबईत वेगळा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना चांगली घरं देऊ, असं तेव्हाच्या पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी सांगितलं होतं आणि १९१९ च्या कायद्याने त्यासाठी कौन्सिलांना सरकारी पैसा मिळाला होता. अर्थात बेकनट्री सगळ्यात गरिबांच्या वाट्याला आलं नाही. भाडं नियमित भरेल असा पक्क्या नोकरीचा माणूस बघूनच घर मिळायचं.

म्हणजे त्या काळी कौन्सिलचं घर मिळणं ही पेढे वाटायची गोष्ट होती. आमच्या गॅलरीत शेवटच्या दाराआड एक आजी राहतात. १९७४ मध्ये इमारत नवी कोरी असताना आल्या, त्याच घरात आजही आहेत. त्याआधी आजी, नवरा आणि दोन मुलं असे चौघं दोन खोल्यांत राहायचे. आंघोळ शुक्रवारी, पत्र्याच्या टबात, एकाच पाण्यात सगळ्यांची. इथली किल्ली मिळाली त्या दिवशी सामान यायच्या आधी त्या बाथरूममध्ये जाऊन गरम पाण्याचा नळ सोडून बसल्या होत्या. ‘पाणी गार होतंय का बघत होते,’ म्हणाल्या. चाळीतून फ्लॅटमध्ये गेलेल्या माझ्या आईने हे लगेच ओळखलं असतं.

ही घरं बांधलीही नीट होती. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणी खातं अन्यूरिन बेव्हन यांच्याकडे होतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा उभी केली तेच हे. घरं थोडी कमी झाली तरी चालतील पण ऐसपैस हवीत, आणि एकाच रस्त्यावर डॉक्टर, खाटीक, शेतमजूर असे सगळे शेजारी हवेत, असा त्यांचा आग्रह. १९४९ च्या कायद्यात त्यांनी ‘कामगार वर्गासाठी’ हे शब्दच काढून टाकले. पुढे १९६१ मध्ये पार्कर मॉरिस समितीने माणसांच्या संख्येप्रमाणे किती जागा, सामान ठेवायला किती जागा, घर गरम ठेवायची सोय, असं सगळं मापात बसवून दिलं. १९६९ पासून कौन्सिलच्या घरांना ती मापं सक्तीची झाली आणि १९८० मध्ये रद्दही झाली. माझा फ्लॅट त्या अकरा वर्षांतला. भिंतीत तीन खोल कपाटं आहेत, पाहुण्यांच्या गाद्यांसकट सगळं मावतं. गेल्या वर्षी मित्राने नवीन टॉवरमध्ये माझ्या दीडपट भाड्याचा फ्लॅट घेतला. तिथे सूटकेस ठेवायला जागा नाही, ती सोफ्यामागे उभी असते.

मग बिघडलं कुठे? एक म्हणजे उंची. १९५६ पासून इमारत जितकी उंच तितकं सरकारी अनुदान जास्त, असा नियम झाला आणि तयार काँक्रीटच्या पाट्या एकावर एक रचून टॉवर उभे राहू लागले. १६ मे १९६८ च्या पहाटे पूर्व लंडनच्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखा इमारतीचा एक कोपराच खाली आला. चार माणसं गेली. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १९८६ मध्ये ती इमारत उतरवताना सांध्यांत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले सापडले. पण सगळे टॉवर असे नाहीत. पश्चिम लंडनचा ३१ मजली ट्रेलिक टॉवर आज वारसा यादीत आहे आणि तिथला फ्लॅट घ्यायला लोक रांग लावतात.

दुसरं कारण माझ्या मते मोठं. १९८० मध्ये थॅचर सरकारने कायदा केला: तीन वर्षं राहिलेल्या भाडेकरूला घर विकत घ्यायचा हक्क, बाजारभावावर ३३ ते ५० टक्के सूट. घेणाऱ्यांचं सोनं झालं, त्यांना मी दोष देत नाही, मीही घेतलं असतं. पण विक्रीचा पैसा नवीन घरांवर मोकळेपणाने खर्चायला कौन्सिलांना मुभा नव्हती. इंग्लंडमध्ये आजवर सुमारे २० लाख घरं अशी विकली गेली आणि त्या मानाने नवी बांधलीच नाहीत. चांगली, बागवाली घरं आधी गेली. उरलेल्यांत ज्यांची अडचण सगळ्यात मोठी त्यांनाच जागा मिळू लागली. बेव्हन यांचा डॉक्टर-खाटीक-शेजार संपला तो इथे. मग टीव्हीवर दंगलीची आणि ड्रग्जची दृश्यं आली की मागे इस्टेट दिसायची. स्कॉटलंड आणि वेल्सने हा विक्रीचा हक्क आता बंद केलाय, इंग्लंडमध्ये तो अजून आहे.

आमच्या गॅलरीत आठ दारं आहेत. पाच एकसारखी निळी, ती कौन्सिलची. तीन वेगवेगळी: एकाला पितळी कडी, एक पांढरं, आणि माझं चॉकलेटी पॉलिशचं. घर विकत घेतलं की माणूस सगळ्यात आधी दार बदलतो. आजींचा आणि माझा फ्लॅट नकाशाने हुबेहूब एक, पण माझं भाडं त्यांच्या अडीचपट. माझा मालक तिसरा आहे आणि तो लंडनमध्ये राहतही नाही. याचा राग येतो का? महिन्याच्या एक तारखेला येतो.

आता तुमच्या फ्लॅटचं. फोटोंवर जाऊ नका, संध्याकाळी सातच्या पुढे प्रत्यक्ष चक्कर मारा. जिन्यात दिवे लागतात का, लिफ्ट चालू आहे का, बाथरूमच्या छताला आणि कपाटांच्या मागे बुरशी आहे का, हे बघा. नवीन रंगाचा वास आला तर बुरशीचं दोनदा विचारा. इमारत उंच असेल तर बाहेरून आवरण लावलंय का आणि ते कशाचं आहे, हे लेखी घ्या. १४ जून २०१७ ला पश्चिम लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. १९७४ च्या त्या काँक्रीटला नूतनीकरणात चढवलेलं बाहेरचं आवरण पेटलं होतं, आणि तिथल्या रहिवाशांनी सुरक्षेबद्दल आधीच कळकळीने लिहून ठेवलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं: समोरचा माणूस खरंच मालक आहे ना ते तपासा. कौन्सिलचे काही भाडेकरू चोरून आख्खं घर पोटभाड्याने देतात. तो इथे गुन्हा आहे, आणि उघडकीला आलं की बाहेर तुम्ही पडता. लँड रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर काही पौंडांत मालकाचं नाव मिळतं. ते आणि करारावरचं नाव जुळलं पाहिजे. डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा झाल्याची पावती मागा. आणि ती इस्टेट पाडून नवी बांधायचा बेत आहे का, हे कौन्सिलच्या वेबसाइटवर बघून घ्या. एलिफंट अँड कॅसलची हेगेट इस्टेट, सुमारे १,२०० घरांची, अशीच जमीनदोस्त झाली.

सुरक्षिततेचं म्हणाल तर नऊ वर्षांत माझी एक सायकल गेली, तीही कुलपात कंजुषी केली म्हणून. पोरं ‘बॉल खेळू नये’ या पाटीलाच स्टंप समजून क्रिकेट खेळतात, तेवढा आवाज असतो.

फक्त गॅलरीत चपलांचा स्टँड ठेवू नका. मी नायगावच्या सवयीने ठेवला होता, तिसऱ्या दिवशी त्याच्यावर आगीच्या नियमांची नोटीस चिकटलेली होती. आजींनी ती वाचून दाखवली आणि स्टँड स्वतःच्या घरात नेला. अजून तिथेच आहे.