सुप्रीम कोर्ट एकच, मग निकाल दोन कसे?

प्रश्न : वडील १९९८ साली वारले. वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मिळावा म्हणून मी वाटपाचा दावा लावला आहे. भावाचे वकील सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा निकाल पुढे करतात, आमचे वकील २०२० चा. यातला न्यायाधीश मनाला येईल तो घेतात का? शिवाय भाऊ म्हणतो, वडिलांनी हयातीतच तोंडी वाटप केलं होतं.
– एक भगिनी, जि. सातारा

उत्तर : ताई, तशी मोकळीक न्यायाधीशांना नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा घटनेच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. घोळ होतो तो त्याच न्यायालयाची दोन खंडपीठं वेगळं बोलतात तेव्हा, आणि तुमच्या विषयात नेमकं तेच झालं.

वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. २०१५ मध्ये ‘प्रकाश वि. फुलवती’ खटल्यात दोन न्यायमूर्ती म्हणाले, त्या तारखेला वडील हयात हवेत. २०१८ मध्ये ‘दानम्मा’ खटल्यात वडील २००१ मध्येच गेलेले होते, तरी दोनच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने मुलींना हिस्सा दिला. आम्हा वकिलांची चंगळ. ज्याला जो सोयीचा त्याने तो दाखवावा! शेवटी प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या मोठ्या खंडपीठापुढे गेला. ११ ऑगस्ट २०२० च्या ‘विनीता शर्मा वि. राकेश शर्मा’ निकालाने ती हयातीची अट काढून टाकली आणि फुलवतीचा निकाल चुकीचा ठरवला. भावाच्या वकिलांच्या हातातली झेरॉक्स आता रद्दीच.

तरी निश्चिंत होऊ नका. निकाल लागू पडतो तो त्यातल्या हकिगतीसकट. उमेदवारीच्या काळात मी एका भाडेकरूसाठी हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या सुरुवातीला छापलेल्या सारांशावर, पिवळा मार्कर मारून निकाल ठेवला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “वकीलसाहेब, यातला भाडेकरू दुकानाचा की घराचा?” मी आतली पानं उघडलीच नव्हती. अजून आठवलं की कान तापतात.

तुमच्या प्रकरणातलं तसं पान म्हणजे तोंडी वाटप. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटपाला धक्का लागत नाही. नुसतं ‘तोंडी झालं होतं’ एवढ्यावर विनीता शर्माच्या निकालानुसार भागत नाही. पण सरकारी कागदांनी ते पक्कं सिद्ध झालं, तर अपवाद म्हणून मानलं जाऊ शकतं. भावाचे वकील आता तिथेच जोर लावतील. तेव्हा पुढच्या तारखेआधी वडिलांच्या हयातीतले सगळे फेरफार आणि जुने सात-बारा काढून घ्या, आणि कोणाचं नाव कधी, कशाच्या आधारे लागलं ते तुमच्या वकिलांसमोर बसून तपासा.