आज कोणाचा सण आहे?

प्रिय बाळ,

उत्पत्तीपासून बायबल वाचायला घेतलंस आणि लेवीयच्या पुस्तकात अडकलीस, असं तू कळवलंस. तिथे भलेभले अडकतात. ते पुस्तक सध्या राहू दे आणि रोजच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, वाचनं धर. रविवारी एका वर्षी मत्तयचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र), दुसऱ्या वर्षी मार्कचं, तिसऱ्या वर्षी लूकचं, आणि पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरच्या दिवसांत, योहानचं, असा क्रम ख्रिस्तसभेनं लावूनच दिलाय. कुठून सुरुवात करू, हा प्रश्नच उरत नाही.

त्याआधी एक कर. सकाळी उठल्यावर आज कोणत्या संताचा सण आहे ते बघ आणि त्याच्याबद्दल चार ओळी वाच. 6 फेब्रुवारीला आपल्या गोन्सालो गार्सियाचा सण. वसईत जन्मलेला, जपानी भाषा शिकलेला, काही काळ व्यापार केलेला हा माणूस पुढे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर (व्रतस्थ बंधू) झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांबरोबर क्रुसावर गेला. तो कधीच धर्मगुरू नव्हता. नोकरी करणाऱ्या तुझ्यासारखीला हे ठाऊक असायला हवं.

संत कळला की वाचन वेगळं ऐकू येतं. 8 सप्टेंबरचंच घे. मारियामातेचा जन्मदिन, त्यानंतरच्या रविवारपासून बांद्र्याला मोत माउलीची, म्हणजे टेकडीवरच्या मारियामातेची, जत्रा. मेणबत्त्या घेऊन आपण टेकडी चढतो, पण त्या दिवशीचं शुभवर्तमान कोणतं? मत्तयचा पहिला अध्याय, येशूची वंशावळ. अमक्याला तमका झाला, नुसती नावं. मिस्सेत लोक चुळबुळ करतात. तू मात्र ती यादी सावकाश वाच. त्या पुरुषांच्या रांगेत मारियेआधी चार बायका येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. राहाब यरीहोची वेश्या. रूथ मवाबातली परकी विधवा, दुसऱ्यांच्या शेतात कणसं वेचून सासूला जगवणारी. असल्या घराण्यात देवानं आपला पुत्र पाठवला. रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे, ते जत्रेच्या आठवड्यात वाचून काढ. मला ते फार प्रिय आहे.

बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये मारियामातेच्या नोव्हेनाला, त्या नऊ आठवड्यांच्या प्रार्थनेला जातेस, जरूर जात राहा. मागणं मागण्यात काही वावगं नाही. पण संताकडे फक्त मागायलाच जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. संत यहूदाकडे (येशूचा हा दुसरा शिष्य, विश्वासघात करणारा यहूदा नव्हे) अशक्य कामं घेऊन किती लोक येतात! शेवटच्या भोजनाच्या वेळी त्यानं येशूला एक प्रश्न विचारला होता: तू स्वतःला आम्हांला प्रकट करणार, जगाला का नाही? योहानच्या चौदाव्या अध्यायात तो प्रश्न आहे आणि येशूचं उत्तरही. 28 ऑक्टोबरला, त्याच्या सणाला, ते उत्तर वाच आणि मग तुझी विनंती ठेव.

वेळ मिळत नाही म्हणतेस. गाडीत बसायला मिळालं तर पूर्ण वाचन कर, नाहीतर प्रतिसाद स्तोत्राची (वाचनानंतर सगळे म्हणतात त्या स्तोत्राची) एक ओळ घरूनच पाठ करून नीघ. गर्दीत उभ्या उभ्या तीच मनात घोळव. आणि एखादा दिवस चुकला तर मागचं भरून काढत बसू नकोस. ज्या दिवशी पुस्तक उघडशील, त्या दिवशीचं वाचन घे.

तुझा,
काका